बाटलीतली गोगलगाय

रावसाहेब, कोंडणवाडीच्या बायकांचे पाय तुम्ही सडवलेत. पावसानं नाही, चिखलानं नाही, गोगलगायीनं तर नाहीच नाही. तुम्ही. कागद तुमचे, शिक्के तुमचे, म्हणून दोष भागूबाईच्या नावावर लिहिला गेला. तर आता भागूबाईच्या ओट्यावरनं हीच गोष्ट कशी दिसते, ते ऐका.

भागूबाई काही वैदीण नव्हती. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला कोंडणवाडी, तिथली पन्नाशीची विधवा, दोन खाचरांची धनीण. भाताची लावणी लागली की वाडीतल्या बायका दिवसभर पोटरीएवढ्या चिखलात वाकलेल्या असत. आठ-दहा दिवसांत पायाच्या बेचक्यांत चिखल्या होत. कातडी आधी पांढरी पडे, मग फाटे, मग रक्त येई. अशी बाई लंगडत भागूबाईच्या ओट्यावर यायची. भागूबाई कोमट पाण्यानं पाय धुई, फडक्यानं टिपी, आणि परसातल्या केळीच्या बुंध्यावरची जाडशी गोगलगाय उचलून बेचक्यात ठेवी. गोगलगाय घटकाभर घाबरून आत बसे, मग शिंगं काढून चालू लागे. तिच्यामागं चकचकीत ओली रेघ उमटे. तेच औषध. तिला पिळायचं नाही, टोचायचं नाही, फक्त चालवायचं.

आणि एक नेम होता, सासूपासून चालत आलेला. रेघ सुकली की ज्या बाईचा पाय, तिनंच गोगलगाय परत केळीवर सोडायची. आणि ती बुंध्यावरनं वरच्या पानाला पोचेपर्यंत पाय ओला करायचा नाही. आता गोगलगायच ती! सकाळी सोडलेली दिवस मावळला तरी अर्ध्या बुंध्यावर.

"आत्याबाई, ही तर झोपली की वो!" भागूबाईची सून ठकी एकदा ओरडली.

"झोपू दे. तूबी नीज जरा. कवा निजनार हाईस?"

असे दोन-तीन दिवस पाय कोरडा राही, आणि जखम भरून येई.

लढाईचं साल होतं, चव्वेचाळीस. 'अधिक धान्य पिकवा' असे फलक चावडीवर लागले होते, आणि ते पिकवून घ्यायला सरकारी अंमलदार म्हणून रावसाहेब बायकोसकट धरणाच्या बंगल्यावर मुक्कामाला आले होते. वाडीतली तीस खाचरं जमीनदार काकासाहेबांची. लावणीला बायका कमी पडतात म्हणून काकासाहेब रावसाहेबांना थेट भागूबाईच्या ओट्यापुढं घेऊन आले. ओट्यावर अकरा बायका पाय पसरून बसल्या होत्या.

रावसाहेब घोड्यावरनं उतरलेच नाहीत. "ह्या का बसल्यात?"

"गोगलगाय वर जायाची हाय, सायेब," ठकी म्हणाली.

"कुठे वर?"

"पानावं."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. रावसाहेबांना हसणं लागलं. "तिकडे आघाडीवर शिपाई मरतायत, आणि इथे अकरा बायका गोगलगायीची वाट बघतायत!"

"सायेब, पाय सुकल्याबिगर भरत न्हाई," भागूबाई म्हणाली. "चिकट्यानं आग थांबती. भरायला बसावंच लागतं."

"गोगलगाय अन् पोटात पाय! औषधाच्या नावानं संप मांडलाय हिनं."

दुसऱ्या दिवशी चावडीवर हुकूम लागला: लावणीच्या दिवसांत औषधाच्या सबबीवर कोणी मजुरास बसवू नये, बसवल्यास तुरुंग.

हुकमाची शाई ओली होती तोवर भर दुपारी बंगल्यावरचा शिपाई भागूबाईच्या दारात. पकडायला आला असं वाटून तिनं चुलीवरची भाकर उतरवली. शिपाई म्हणाला, "बाईसाहेबांनी बोलावलंय. गोगलगाय घेऊन ये."

बाईसाहेब म्हणजे रावसाहेबांच्या पत्नी दमयंतीबाई. दूधवालीनं भागूबाईच्या औषधाचं त्यांच्या कानावर घातलं होतं. त्यांच्या गालावर वांग होता, आणि लढाईमुळं मुंबईहून क्रीम मिळेना. भागूबाईनं ओलं शेवाळ पसरून त्यात गोगलगाय नेली. दमयंतीबाई पलंगावर आडव्या झाल्या. गोगलगाय हनुवटीवरनं गालावर निघाली.

"अगं बाई, गार लागतंय! किती वेळ पडायचं असं?"

"दुपार जाईल, बाईसायेब."

"जाऊ दे की. मला काय लावणीला जायचंय?"

बाहेर रावसाहेब कारकुनाला दबक्या आवाजात सांगत होते, "दत्तोपंत, हळू. आत औषध लावलंय. त्या शिपायाला वहाणा काढून ठेवायला सांगा."

ओळीनं बारा दुपारी भागूबाई बंगल्यावर गेली. वांग काही गेला नाही. जाईल असं तिनं म्हटलंही नव्हतं. पण गालाची खरखर गेली, कातडी लोण्यासारखी झाली. रावसाहेबांनी बायकोचा गाल पाहिला आणि डोक्यात कल्पना उगवली. चिकटा गुणाचा आहे; बसणं बेकायदा आहे. तेव्हा चिकटा तेवढा ठेवायचा आणि बसणं काढून टाकायचं. झाला प्रश्न निकालात!

दवाखान्याचा कंपाउंडर मार्तंड. त्याला शंभर बाटल्यांचा हुकूम गेला. वाडीतली कुंपणं, केळी, आळवाची पानं झाडून पुसून गोगलगायी टोपल्यांत गोळा झाल्या. आपल्याही केळी रिकाम्या दिसल्या तशी भागूबाई दवाखान्यामागं गेली. मार्तंड मुठीमुठीनं टोपलीत मीठ टाकत होता. आत नुसता पांढरा फेस उसळत होता.

"अरं बाबा, काय केलंस ह्यांस्नी?"

"तुझ्यासारखं चालवत बसलो तर दिवसाला चार थेंब मिळतील. मिठानं बघ, घटकेत पातेलंभर! शास्त्र आहे हे."

"आरं, त्यो औषदाचा चिकटा न्हवं. त्यो त्यांचा जीव जातुया."

"जीव गेला तरी अर्क राहतो."

"आन मीठ? उगड्या जखमंवं मीठ लावनार व्हय रं?"

"गाळलंय की फडक्यातनं!" मार्तंड दुखावल्यासारखा म्हणाला.

दत्तोपंतांनी चिठ्ठ्यांवर सुवाच्य अक्षरात नाव घातलं, 'गोशंखद्रव', आणि खाली सूचना: लावून त्वरित कामास लागावे.

बायकांना काकासाहेबांच्या बांधावर रांगेनं उभं केलं. त्यांचा मुकादम छगन एका हातात बाटली, दुसऱ्या हातात कोंबडीचं पीस घेऊन पुढं सरके. पीस फिरलं की बाई किंचाळे. "ओरडता काय? सरकारी हाय!" असं म्हणून छगन तिला पुन्हा चिखलात उतरवी. असं पाच दिवस चाललं. सहाव्या दिवशी सात जणींना उभं राहता येईना. ठकीचा पाय घोट्यापर्यंत सुजला, धाकटं बोट काळं पडलं, अंगात ताप फणफणला.

भागूबाईला साऱ्या वाडीत एक गोगलगाय सापडली नाही. मग तिनं ठकीचा पाय नुसताच धुतला, कोरडा केला, आणि भर दिवसा, साऱ्यांच्या देखत तिला ओट्यावर निजवलं. तिच्यापाठोपाठ बाकीच्या सहा जणीही येऊन बसल्या.

संध्याकाळच्या आत बोलावणं आलं. बंगल्याच्या व्हरांड्यात दत्तोपंतांनी कागद वाचला: "माझे औषध खोटे असून त्यानेच मजुरांचे पाय बिघडले. यापुढे मी लावणीत कोणास बसवणार नाही. अंगठा, भागूबाई."

"कर अंगठा," रावसाहेब म्हणाले. "नाहीतर उद्या अकोले तालुक्याच्या कोठडीत."

भागूबाईनं अंगठ्याकडं पाहिलं. तो दिला की पुढच्या आषाढात, त्याच्या पुढच्याही, कोणती बाई पाय कोरडा करायला बसू शकणार नव्हती. तेवढ्यात आतनं दमयंतीबाईंची हाक आली. "भागूबाई आली का? आत पाठवा तिला! आठ दिवस खाडा झालाय, गाल पुन्हा खरबरीत झालाय."

"तोवर बाटलीतलं लाव," रावसाहेब पुटपुटले.

"शी! मेलेल्या गोगलगायींचं खारट पाणी मी तोंडाला लावू?"

दत्तोपंतांनी नजर कागदात घातली. रावसाहेबांचे कान लाल झाले. भागूबाईनं शाईची डबी बाजूला सारली, आणि जिथं मजुरानं उभं राहायचं असतं तिथंच, व्हरांड्याच्या फरशीवर, पाय पसरून बसली.

"सायेब, बाईसायबास्नी बारा दुपारी निजवलं, तवा तुमी शिपायाच्या वहाना काडल्या. माज्या ठकीला तुमी यक दिस बसू दिलं न्हाई. त्यांच्या गालावं जित्ती गोगलगाय, हिच्या जखमंवं मिठाचं पानी. आता तिचं बोट काळं पडलंय. ते कुनी क्येलं? अंगठा ह्यो हितंच हाय, कुटं पळत न्हाई. पर आदी तुमी सांगा. दत्तोपंत लिवून घेतील. कुनी क्येलं, सायेब? बोला!"