बिनविरोध चॅम्पियन

गल्लीत त्याला सगळे 'बिनविरोध' म्हणायचे. फ्रीज दुरुस्त करणारा हा गडी सलग पाच वर्षं जिल्ह्याचा बॉक्सिंग चॅम्पियन होता आणि पाच वर्षांत त्यानं कुणाला एक ठोसा मारला नव्हता. त्याच्या वजनगटात दुसरं कुणी नावच द्यायचं नाही! पण नियम म्हणजे नियम. ग्लोव्हज घालून रिंगमध्ये चढायचं, समोरच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत उभं राहायचं, घंटा वाजली की हात वर. झाला विजयी. घाम यायचा नाही, फोटो मात्र झकास यायचा.

क्लब म्हणजे लाँड्रीमागची कुबट खोली. ग्लोव्हजच्या दोन जोड्या, त्यातल्या एकीत दोन्ही डाव्या हाताचे. शिकवणारे, झाडू मारणारे आणि घंटा वाजवणारे उस्ताद एकच. पोरं यायची, आठवडाभर आरशात दंड बघायची आणि जिमला पळायची. मग सरावाला जोडीदार कोण, तर वाळूची पिशवी. तीही कधीकधी याला भारी पडायची.

पुढच्या महिन्यात त्याला चाळीस पूर्ण होणार होती, आणि चाळिशीनंतर खेळाडू नियमानं बाद.

"एकदा तरी खरी लढत मिळू दे गं," तो बायकोला म्हणाला.

"मिळाली तर तुमचं काय होईल, याचा विचार केलाय?"

मिळाली! शेजारच्या जिल्ह्यातल्या सलूनचा कारागीर, पंचविशीचा, याच वजनात उतरला. बायको पहिल्यांदाच बघायला आली, ती सोबत बर्फाची पिशवी घेऊनच. नवऱ्यावर तिचा केवढा विश्वास!

घंटा वाजली. आणि पाच वर्षांची सवय हो, जाते कुठं? आपल्या गड्यानं ऐटीत उजवा हात वर केला. समोरच्यानं उघडी बरगडी बघितली आणि असा ठोसा हाणला की सकाळचा चहा घशाशी आला.

"अहो, हात खाली घ्या!" बायको ओरडली.

तीन फेऱ्या त्यानं मनसोक्त मार खाल्ला. दुसऱ्या फेरीत मात्र त्याचा एक ठोसा समोरच्याच्या नाकावर बरोब्बर बसला. उस्तादांना इतका आनंद झाला की ते घंटा वाजवायचंच विसरले. फेरी लांबली आणि त्या जादा वेळात याला आणखी चार पडले.

हरला. ओठ फुटला, डोळा सुजला, पण आनंद पोटात मावेना. हरणाऱ्यासाठी पदक कुणी आणलंच नव्हतं, या गटात आजवर कुणी हरलंच नव्हतं ना!

सलूनवाला धावत आला. "काका, काय मजा आली!"

काका? तो ठोसा सगळ्यात जास्त लागला.

"आमच्याकडे मी तीन वर्षं नुसता उभा राहूनच जिंकलो," पोरगा सांगत होता. "म्हणून यंदा इथं नाव दिलं. पुढच्या वर्षी नक्की या हं!"

"पुढच्या वर्षी मी बाद, बाबा. चाळीस होतात."

पोराचा चेहरा खर्रकन उतरला. "मग मी कुणाशी खेळू?"

बायकोनं दिलेला बर्फ डोळ्याला लावत त्यानं दुसऱ्या हातानं पोराचा हात धरला आणि वर केला.

"हे बघ, कोपर असं ताठ ठेवायचं, फोटो चांगला येतो. आणि समोरच्या कोपऱ्याकडे बघायचं नाही. फार त्रास होतो."