अलगदमामांचा जिना

“मामा, तुमची सही तेवढी राहिली,” असं म्हणून सचिवांनी पेनाचं टोपण स्वतःच काढून दिलं. सदस्यांना कसलीच तसदी पडू नये, अशी समितीची शिस्त होती.

मामांनी पेन घेतलं, कानावर खोचलं आणि नकाशा जवळ ओढला. आठ सह्या झाल्या होत्या. नववी झाली की ठराव एकमताने मंजूर, आणि सोमवारपासून पाया खणायला सुरुवात.

परवडणाऱ्या घरांसाठी नेमलेली ही सल्लागार समिती. मानधन नाही, चहा दोनदा, बिस्कीट एकदा. घरांच्या यादीतला एक माणूस समितीवर असावा असा नियम होता, आणि फुकटच्या कामाला कुणी पुढे येईना. मामा आले. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांचं घरसामान हलवलं होतं. कपाट उतरवताना ते हाताखालच्या माणसांना सारखं “अलगद, अलगद” म्हणत, म्हणून सगळीकडे अलगदमामा. यादीत त्यांचा नंबर अडतीस आणि घरं चाळीस, म्हणजे काठावर पास. मामींनी नव्या घराच्या खिडकीला पडदासुद्धा शिवून ठेवला होता. खिडकी तेवढी अजून हवेत होती.

“एवढं काय बघताय?” नकाशा काढणारे आर्किटेक्टसाहेब हसले. “उजेड आहे, वारा आहे.”

“घरं झकास आहेत, साहेब. मी जिना बघतोय. किती रुंद?”

“तीन फूट.”

“आणि लिफ्ट?”

“मामा, लिफ्ट परवडत नाही म्हणून तर घरं परवडतात!”

अध्यक्षबाईंना हे वाक्य आवडलं. त्या निवृत्त मुख्याध्यापिका; आवडलेलं वाक्य लगेच टिपून घेत.

“पाच मजले आणि तीन फूट जिना,” मामा म्हणाले. “वळणार नाही.”

“काय वळणार नाही?”

“सांगून नाही पटायचं. खडू आहे का कुणाकडे?”

खडू बाईंच्या पर्समध्ये होता. निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, पण हात रिकामा राहत नव्हता.

मामांनी सभागृहाच्या फरशीवर जिना आखला. तीन फूट रुंदीचा वर जाणारा भाग, मग वळण, मग तेवढ्याच रुंदीचा पलीकडे. “रेघ म्हणजे भिंत,” त्यांनी बजावलं. “रेघेवर पाय पडला की भिंत पाडली. हं, उचला ते टेबल.”

“आम्ही?” आर्किटेक्टसाहेब दचकले.

“मग कोण? मी सल्लागार आहे. मी सल्ला देणार.”

पुढे आर्किटेक्टसाहेब, मागे पदर खोचून अध्यक्षबाई. सहा फुटी अरुंद टेबल सरळ भागातून डौलात गेलं आणि वळणावर घट्ट बसलं. साहेब कोपऱ्यात चेपले गेले.

“बाई, मागे घ्या, मागे!”

“कशी घेऊ? भिंत आहे!” बाई खडूच्या रेघेकडे बघत कळवळून म्हणाल्या. शाळेत त्यांनी कधी रेघ ओलांडू दिली नव्हती, ती आता स्वतः थोडीच ओलांडणार?

“अलगद,” मामा म्हणाले. “साहेब, पोट आत.”

शेवटी साहेबांनाच सुचलं. “उभं करा ना! उभं केलं की वळतंय!” टेबल उभं केलं, वळलं. बाकीच्या सदस्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी कोट झटकला. “झालं समाधान? करा आता सही.”

“थांबा. आता कुणीतरी त्याच्यावर आडवं व्हा.”

समितीत कुणीच पुढे येत नाही तेव्हा सगळे ज्याच्याकडे बघतात, त्या सचिवांकडे सगळ्यांनी बघितलं. सचिव चपला काढून, इतिवृत्ताची वही छातीशी धरून टेबलावर निमूट आडवे झाले. या खेपेला चौघे लागले. सचिव दिसायला किरकोळ होते, पण बारा वर्षांची बैठी नोकरी झाली होती. वळणावर टेबल पुन्हा अडकलं.

“उभं करा!” साहेब सवयीने ओरडले.

सचिवांनी डोळे उघडले. “मला?”

सगळे पोट धरून हसले. मामाही हसले. हसणं ओसरल्यावर म्हणाले, “टेबल उभं करता येतं, साहेब. आडवा माणूस उभा करता येत नाही.”

मग ते खडू बोटांत फिरवत म्हणाले, “माझ्या धंद्यात बोलावणं दोनदा येतं. एकदा घर बदलताना, आणि एकदा आजारी माणूस जिन्यात मावेना म्हणजे. एक मास्तर होते, चौथ्या मजल्यावर. छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, झोपवूनच न्या. जिना असाच, तीन फुटी. काय करता! खुर्चीला चादरीने बांधून उतरवलं. दर वळणाला मास्तर माझी माफी मागायचे. सात वळणं होती.”

“पुढे?” बाईंनी हळूच विचारलं.

“पुढे माफी मागायला ते राहिले नाहीत.”

आर्किटेक्टसाहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांचा बंगला तेवढा बैठा होता. ते गुडघ्यांवर बसले, पट्टी लावून मोजू लागले, दोन रेघा पुसून नव्या काढल्या. “पाच फूट लागेल,” ते म्हणाले. “पण मग मजल्यामागे एक घर जिन्यात जाईल. चाळीसची पस्तीस होतील.”

सचिव अजून टेबलावरच होते. त्यांनी आडव्यानेच वहीतली यादी उलटली. “म्हणजे छत्तीसपासूनची नावं...” आणि घसा खाकरला.

“वाचा की, लाजता काय?” मामा म्हणाले. “अडतिसावा मी.”

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. “मामा, आज नको. घरी जा, विचार करा, उद्या सांगा.”

“घरी गेलो तर घरी विचारावं लागेल, बाई. आणि घरी विचारलं तर मी तीन फुटी नकाशावरच सही करीन. आत्ताच लिहून टाका. उरलेल्या चौघांच्या घरी मी स्वतः जाऊन सांगतो, काय शिव्या द्यायच्या त्या देऊ देत. फक्त पुढच्या इमारतीत या पाचांना पहिलं घर, एवढं ठरावात घाला.”

“घालते. सचिव, पुढची इमारत कधी?”

“विचाराधीन आहे,” सचिव आडव्यानेच म्हणाले.

बाईंनी नकाशावरचा तीनचा आकडा खोडला, तिथे पाच लिहिला आणि मामांच्या कानावरचं पेन काढून त्यांच्या हातात दिलं. मामांनी सही केली. सावकाश, अलगद.

घरी मामी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मामांनी दारातच सगळं सांगून टाकलं. जड सामान जितकं जास्त वेळ हातात धरावं तितकं जड होतं, हे त्यांना धंद्याने शिकवलं होतं.

मामींनी हातातली घडी पूर्ण केली. “म्हणजे जन्मभर लोकांची घरं हलवलीत, आणि आज स्वतःचंच हलवून आलात. तेही फुकट.”

“चहा होता.”

“बिस्कीट?”

“एक.”

“मोठे सल्लागार!” मामी म्हणाल्या आणि तीच घडी मोडून पुन्हा घालायला लागल्या. दोनदा मोडली, दोनदा घातली. मामा पलंगाच्या कडेला उभेच होते. बसायला सांगितलं नव्हतं.

“अगं, काहीतरी बोल.”

“किती रुंद केला म्हणालात जिना?”

“पाच फूट.”

“म्हणजे केवढा? मला फुटाबिटातलं कळत नाही. दाखवा.”

मामा पलंगाला पाय टेकवून उभे राहिले. मामी त्यांच्याकडे तोंड करून एक-एक पाऊल मागे गेल्या आणि दाराला टेकल्या.

“एवढा?”

“अजून थोडा.”

पण खोली तिथेच संपत होती. मामींनी मागे हात करून कडी काढली, दार बाहेर लोटलं आणि उंबऱ्यापलीकडे जाऊन उभ्या राहिल्या.

“आता?”

“आता बरोबर.”

मामींनी मधली मोकळी फरशी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट बघून घेतली.

“ऐसपैस आहे हो,” त्या म्हणाल्या.