ओळंब्यातली भिंत

केस

श्रावणातल्या एका मंगळवारी सकाळी कुंदाबाईच्या डोक्यातला केस भिंतीत शिरला.

ती सारवत होती. कपाळावर आलेला केस तिने उपटला आणि सहज, काही विचार न करता, चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात टेकवला. केस आत गेला. काल तिथे फट नव्हती. काल त्या सांध्यावरून तिने नख फिरवलं होतं आणि नख कुठे अडलं नव्हतं.

भिंतीवर अशा सहा चौकटी होत्या. खिडकी नाही, दार नाही, तसबीर नाही. गोल काठाच्या लाकडी पट्ट्या तिरक्या कापून जोडलेल्या, पांढऱ्या तेलरंगाच्या, आणि मागची सगळी भिंत चुन्यात नीळ कालवून रंगवलेली. तिचा नवरा भाईदास अमळनेरच्या एका तेलगिरणीत सुतार होता. साहेबांच्या बंगल्यात खुर्च्या दुरुस्त करायला गेला आणि असली भिंत बघून आला. त्यानंतर त्याला घास गोड लागेना. गिरणीतल्या फुटक्या खोक्यांची फळी आणली, पट्टीला गोल काठ काढायचा रंधा स्वतः बनवला, महिनाभर खपला.

गल्लीतला छगन दारात उभा राहून हसला होता. "चौकटी त लाया, भाईदास. फोटो कोना लावशी?"

"कोनाच नही. रिकाम्याच ऱ्हातस. बंगलामा तशाच शेत."

"मंग बंगलावाला बी याडाच शे."

सगळे हसले होते. कुंदाबाईही. तिला ती भिंत आवडली होती, हे सांगायलाच हवं.

ओळंबा

हे आधीचं. आधी सांगायला हवं होतं.

भिंत मातीची. बुडाशी दीड हात रुंद, माथ्याशी हातभर. तिच्या माथ्यावर तुळयांची टोकं, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर वीतभर खारी माती. धाब्याचं घर. जुन्या लोकांनी भिंतीचं बूड असं जाड का ठेवलं, ते कुणी कुणाला सांगितलं नाही. विचारण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही कुणाला.

भाईदासने गिरणीतला ओळंबा आणला आणि वरून त्याची वजन बांधलेली दोरी सोडली. खाली भिंत चार बोटं पुढे.

"भित वाकडी शे," तो म्हणाला. वाकड्या भिंतीवर चौकट शोभत नाही. त्याने कुदळीने तासायला घेतलं. चार दिवस तासलं. माती पाट्यांनी बाहेर गेली. त्यातल्या निम्म्या पाट्या कुंदाबाईच्या डोक्यावरून गेल्या. पाचव्या दिवशी दोरी आणि भिंत एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. भाईदास इतका खूश झाला की पोराच्या पाठीवर थोपटावं तसं त्याने भिंतीला थोपटलं.

मग झड लागली.

पोस्टकार्ड

बुधवारी माहेरचं पोस्टकार्ड गेलं फटीत.

"आयका ना. सांधा उघडना," तिने भाईदासला फट दाखवली.

"लाकूड शे ते. ओल पिस, फुगस."

कुंदाबाईने कार्ड फटीतून ओढून काढलं. पण लाकूड फुगतं तर चारही कोपऱ्यांत फुगेल. खालचेच दोन का? आणि सहाही चौकटींचे खालचेच का? नुसती भिंत असती तर तिला काही कळलं नसतं. मातीची भिंत चोरपावलांनी चालते. पण भाईदासने तिच्यावर सरळ रेघा मारून ठेवल्या होत्या, आणि आता त्या रेघा रोज सकाळी चहाडी करत होत्या.

सासूला, धुरपदाबाईला, तिने चुलीपाशी गाठलं. धुरपदाबाई रोटांचे, नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू निवडत होती. रविवारी कानबाई देवी बसायची होती. वर्षातून एकदा येते, नारळाच्या रूपात चौरंगावर बसते, आणि सगळी भाऊबंदकी तिच्यापुढे एका खोलीत गोळा होते. यंदा मान या घराचा. चौरंग त्या भिंतीला टेकून. माणसं चाळीस. भाईदासने सगळा खटाटोप केला होता तो याच दिवसासाठी.

"आत्याबाई, भित सरकी ऱ्हायनी."

धुरपदाबाईचा हात सुपात थांबला. "कानबाईना तोंडवर असं बोलस? जीभ शे का कातर? साठ वरीस व्हयनात त्या भितले."

"पन बूड तासं ना…"

"मना पोऱ्यानं काम डोयामा खुपस तुन्हा." आणि ती गहू मोजू लागली. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू. भाईदासची मूठ तिने जरा भरूनच घेतली.

तांदूळ

शनिवार. तांदळाचा दाणा. आडवा.

कुंदाबाई जेवली नाही. भिंतीकडे पाठ करून तिला बसवेना आणि तोंड करूनही बसवेना. वर तुळई बारीक करकरायची, दाढ दुखणारं माणूस कण्हतं तशी, आणि घरात कुणीच वर बघायचं नाही. चाळीस माणसं. ती मनातल्या मनात त्यांना बसवून बघत होती. भिंतीलगत म्हाताऱ्या, कारण म्हाताऱ्यांना टेकायला लागतं. त्यांच्या मांडीवर पोरं.

पोरं.

रविवार

सकाळी खोली सारवून झाली, चौरंग मांडून झाला, आणि कुंदाबाई ओट्याच्या कोपऱ्यात जाऊन अंग चोरून बसली, पाळीचे पाच दिवस बाया बाहेर बसतात तशी.

"माले कावळा शिवना," ती म्हणाली. "सारवता सारवताच. चौरंगले बी हात लागना मना."

आयुष्यात ती पहिल्यांदा देवीशी खोटं बोलत होती. जीभ खरंच झडेल असं वाटलं.

धुरपदाबाईने कपाळावर हात मारला. "आजच मियना का त्या कावळाले!"

पण बाटलेल्या खोलीत कानबाई बसत नाही. गल्लीपलीकडे चुलतसासरे झुलाल आबांचं घर होतं. नारळ तिकडे, चौरंग दुसरा, पीठ तिकडे, माणसं तिकडे. दुपारपर्यंत घर रिकामं झालं.

रिकामं नाही. भाईदास उठला नाही.

"मी आठेच बठसू," तो आतून म्हणाला. भिंतीला पाठ टेकून बसला होता, पहिल्या आणि दुसऱ्या चौकटीच्या मधोमध. "महिनाभर मरनू मी. कोनी देखी बी नही."

"बाहेर या. पाया पडस," कुंदाबाई ओट्यावरून म्हणाली.

"तू बोलूच नको."

पलीकडे डफ वाजायला लागला. कुंदाबाई उंबऱ्याशी आली. बाहेर बसलेल्या बाईने उंबरा ओलांडायचा नसतो, पुरुषाला शिवायचं तर नावच नको, तेही कानबाईच्या दिवशी. समोरच्या ओट्यावर चार बाया उभ्या. धुरपदाबाई पिठाची परात घेऊन त्यांच्यात. सगळ्या बघत होत्या.

भाईदासच्या खांद्यावर माती पडली. चिमूटभर. त्याने ती न बघता झटकली.

मग एक खिळा निघाला. कुईं. कुणी ओढल्याशिवाय, आपला आपण, सावकाश, भाईदासच्या कानाजवळ.

ती उंबरा ओलांडून गेली. दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं. तोल सावरायला एक हात भिंतीवर टेकला तर बोट सांध्यात गेलं, दुसऱ्या पेरापर्यंत, आणि आत गार ओला चिखल हलत होता.

"उठा!"

"तू… तू माले शिवनी?" तो तिच्या हाताकडे बघत राहिला. कावळा, चौरंग, रिकामं घर, सगळं त्याच्या तोंडावरून एकामागून एक गेलं. मग त्याने मान वळवून सांधा पाहिला. सुतारच तो. उठला.

ते अंगणात पोचले तेव्हा मागे फारसा आवाज झाला नाही. पोतं टाकावं तेवढा. मग तुळया. मग खारी माती, बराच वेळ.

धूळ सावकाश खाली बसली. डफही थांबला होता. भाईदासचं मनगट अजून कुंदाबाईच्या हातात होतं आणि तिची बोटं उकलत नव्हती. भिंतीची भीती संपली होती. आता समोरच्या ओट्याची होती.

धुरपदाबाई परात कमरेवर घेऊन पायरी उतरून आली. पडलेल्या घराकडे तिने पाहिलंच नाही. मोकळ्या हाताने लेकाला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं. मग सुनेच्या हाताकडे बघितलं, बराच वेळ.

"पाच दिन इतलामा सरनात का वं?"

कुंदाबाईने मनगट सोडलं.

म्हातारीने पिठाची परात तिच्यापुढे धरली.

"हात धू," ती म्हणाली. "नखमा माती शे तुन्हा. रोट मयाना शेत."