आधी डबा, मागून सून

दिवाळी तोंडावर आली आणि माई चिवड्याचा डबा शोधू लागल्या.

डबा म्हणजे वनस्पती तुपाचा, पिवळा, पोटावर माईंनी स्वतःच्या हातानं लाल रंगात काढलेलं स्वस्तिक. दरवर्षी चिवडा त्याच डब्यात. दुसऱ्या डब्यातला चिवडा सादळतो, असं माईंचं ठाम मत.

"कालिंदी, फडताळाच्या वरच्या फळीवर बघितलंस का?"

"बघितलं माई. नाहीये."

खोटं नव्हतं. डबा फळीवर नव्हताच. झाकणाला डाक मारून, पोटाला दोरी आवळून तो तानाबाईंच्या मळ्यात विहिरीच्या काठावर होता. श्रावणात तो माझ्या पाठीला बांधला गेला, तो तिकडेच राहिला.

झालं असं. आमच्या मंगळवार पेठेतली शालूबाई एके दिवशी दळण टाकायला निघाली असता कानाशी येऊन म्हणाली, "पोहायला येतीस काय? तानाबाई शिकवतीया. बायकास्नीच." माझं नाव नदीचं, आणि पाणी मला माहीत होतं ते बंबातलं. मी हो म्हणून बसले. घरी सांगितलं, मंगळागौरीच्या आणि पुढे गौरींच्या खेळांची तालीम आहे. ह्यांचा जुना सदरा आणि परकर पिशवीत घालून निघायचं, लेकीला, चिमीला, माईंच्या मांडीवर ठेवायचं. परतल्यावर केस ओले दिसले तर श्रावणाचा पाऊस होताच. एकदा मात्र लख्ख ऊन पडलं होतं. "फुगड्या फार झाल्या," म्हटलं. माईंनी तेल लावून दिलं.

विहिरीतल्या पोहण्याचा एक दाखला असतो. पाठीचा डबा सोडून चार फेऱ्या मारल्या की डबा सुटला. भाद्रपदात माझा सुटला. शालूबाईला आनंद आवरेना. आमच्या बोळात शिरल्या शिरल्या ओरडली, "माई, कालिंदीचा डबा सुटला की वो!"

माई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा चेहरा पडला. "सुटला? म्हणजे माझा त्र्यंबक शाळेत उपाशी शिकवतो?"

दुसऱ्या दिवसापासून ह्यांच्या डब्यात दोन पोळ्या जास्त जाऊ लागल्या, आणि डबा भरायचं काम माईंनी स्वतःकडे घेतलं. हे बिचारे निमूट खात होते. सदरा कुठे जातो ते त्यांना ठाऊक होतं. "पोहतेस तू आणि फुगतोय मी," एवढंच म्हणाले.

पण विहीर पास झालेलीला तानाबाई पोहणारी म्हणत नसत. "हिरीतलं पाणी गरीब गाय हाय. हाकलंल तिकडं जातंय. नदीत धार असती." धारेत एकदा वाहून घाटावर नीट लागली, तरच ती पोहणारी. नाहीतर पुढच्या श्रावणात परत पाठीला डबा. दिवाळीआधी एकदाच आम्हा नव्या बायकांना धारेत सोडायचं ठरलं होतं. ते चुकवायची माझी तयारी नव्हती. लग्नानंतर माझं एकटीचं म्हणावं असं तेवढंच होतं.

कोजागिरीनंतर कार्तिकस्नान सुरू होतं, हे केवढं बरं! पहाटे नदीवर जाते म्हटल्यावर माईंना भरून आलं. बोळभर सांगत सुटल्या, "आमची सून बघा, एवढ्या थंडीत!" द्रोणात फुलवात घालून द्यायच्या, "गंगामाईला सोड हो." ती वात मी मनापासून सोडत होते, हे इथे सांगायलाच हवं. तानाबाई तर तिच्यावरच शिकवायच्या.

"बघ त्यो द्रोण. हात मारतोय काय? न्हाय. तरी कसा चाललाय! धार म्हंजे सासू. तिच्याशी भांडायचं न्हाय, तिला आडवं जायाचं न्हाय. व्हय म्हणायचं, तिच्यासंगं जायाचं, आन् आपल्याला जायाचं तिकडं हळूच तिरकं सरकायचं."

आम्ही बायका हसून हसून गार पाण्यात गरम झालो. श्रावणापासून मी दुसरं काय करत होते?

धारेचा दिवस उजाडला. म्हशी उतरतात त्या वरच्या अंगाला आम्ही पाण्यात शिरलो. खाली घाटावरची दीपमाळ दिसत होती. तिची खूण धरून तिरकं निघायचं. चुकलं, तर पुढे कुठेतरी चिखलात लागायचं आणि ओल्या परकरानं अख्खं गाव ओलांडून घरी. शालूबाई आधी गेली आणि घाटाला लागलीसुद्धा. मग मी. शेजारी तानाबाई, त्यांच्या हातात दोरीनं धरलेला माझा डबा. लागलाच तर आधाराला.

पाय सुटले. पाण्यानं मला उचललं, आणि मी काहीच न करता काठ मागे पळू लागला. विहिरीत असं कधी झालं नव्हतं. कुणी आपल्याला कडेवर घेऊन चाललंय असं वाटलं. चिमीला रोज असंच वाटत असेल.

आणि मग घाटावर मला चिमी दिसली. माईंच्या कडेवर.

नंतर कळलं, पोरगी पहाटेच उठून बसली होती, राहीना, म्हणून माई तिला घेऊन निघाल्या. शिवाय त्या नवस बोलल्या होत्या, गंगामाई, डबा मिळू दे, ओटी भरीन. खणनारळ घेऊनच आल्या होत्या.

मी उलटी फिरले. धारेच्या तोंडावर सपासप हात मारू लागले. काठ तिथल्या तिथे, दम मात्र संपत चाललेला. नाकात पाणी गेलं. तानाबाईंनी डबा पुढे ढकलला, मी झोंबले, दोरी हातातून निसटली आणि डबा गेला डौलात पुढे.

तानाबाईंचा आवाज पंचगंगेच्या दोन्ही काठांना ऐकू जातो. त्या ओरडल्या, "सासूशी भांडू नगंस! आगं बाई, सासूला आडवी जाऊ नगं, तिरकी सरक!"

घाटावरच्या बायका थांबल्या. माई तर दीपमाळेसारख्याच ताठ.

चिखलाकडे निघून जाता आलं असतं. पण चिमीनं दोन्ही हात पुढे केले होते. मी हात मारणं थांबवलं. धारेला व्हय म्हटलं. पाण्यानं परत उचललं, आणि मी हळूहळू, तिरकी, दीपमाळेकडे सरकू लागले.

माझ्याआधी डबा पोचला. पायरीला ठण्‌ करून लागला. माईंनी वाकून पाहिलं. पिवळा रंग, लाल स्वस्तिक. त्यांनी डोळे मिटून हात जोडले, "गंगामाई, पावलीस गं बाई!" डोळे उघडले, तर त्याच पायरीला मी, ह्यांच्या सदऱ्यात, धापा टाकत.

चिमी म्हणाली, "आई बुडबुड!"

 आधी माईंनी पदरानं माझं डोकं खसाखसा पुसलं, कान उपटून निघतील इतकं. मग विचारलं, "फुगड्या फार झाल्या?"

"...हो माई."

तेवढ्यात तानाबाई पाण्याबाहेर आल्या आणि समोर कोण आहे हे न ओळखता म्हणाल्या, "लागली की घाटाला! आता हिचा डबा खरा सुटला!"

माईंनी डब्याकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. भाद्रपदापासून ह्यांना घातलेल्या जादा पोळ्या त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक करून जाताना मला दिसल्या.

"आणि ती आडवी जायची नाही ती सासू कोण हो?" त्यांनी तानाबाईंना विचारलं.

समोर कोण आहे ते आता तानाबाईंना उमगलं, त्या चपापल्या. "ती... नदी वो, माई."

"हं." माईंनी नदीची ओटी भरली, नवस तो नवस. मग चिमीला माझ्याकडे दिलं, डबा उचलून हातात तोलून पाहिला.

"चिवडा यंदा पितळी डब्यात ठेवू," त्या म्हणाल्या. "पण तानाबाई, ही दोरी माझ्या पाठीला पुरेल का हो?"