आरशांचा लंगोट

बोरी अरबच्या आखाड्यात नव्या माणसाला सामान काय लागतं, हा प्रश्न मला विचारण्यात आला तो केवळ मी बी.ए. असल्यामुळे. कुस्तीशी माझा दुसरा संबंध नव्हता. पण एकसष्ट सालची गोष्ट. गावात हायस्कूल नवं होतं, आणि शिकलेल्याला सगळं येतं हा लोकांचा समज अजून टिकून होता.

विचारणारा शंकरसिंग, जवळच्या बंजारा तांड्यावरचा. ऐन विशीतला, बैलासारख्या मानेचा. वस्ताद पंजाबरावांनी त्याला येत्या शनिवारी मातीत उतरायला बोलावलं होतं. तेवढं ऐकून बाजारातल्या दुकानदारानं त्याच्यापुढे गुडघ्याचे पट्टे, मनगटाचे पट्टे आणि मुद्गलांची जोडी मांडली. मी जाऊन वस्तादांनाच विचारलं.

"लंगोट," वस्ताद म्हणाले. "बाकी माती हाये आपल्यापाशी."

प्रश्न इतक्या सहज सुटल्याचं समाधान मला शुक्रवारपर्यंत पुरलं. शुक्रवारी शंकरसिंग गाठोडं घेऊन आला. चेहरा सुतकी.

"मास्तर, लंगोट आला."

लंगोट लाल होता. पुढच्या पट्टीवर रुपयाएवढे आरसे, मधे पिवळ्या-हिरव्या दोऱ्याची नक्षी, टोकाला कवड्यांची झालर. मी उचलला तेव्हा तो वाजला.

"कोणी शिवला रे हा?"

"जमनीनं."

जमनीशी त्याची सगाई झाली होती, लग्न उन्हाळ्यात. सगाई झाली की नवऱ्या मुलाची पानसुपारीची पिशवी, रुमाल, सगळं नवरीच्या हातचं, ही तांड्याची रीत. आणि आरसा-कवडी लावल्याशिवाय तिच्या घरातून कापड बाहेर पडत नाही. शंकरसिंगची याडी, म्हणजे आई, लालीबाई हिनं मोठ्या कौतुकानं तिकडे निरोप धाडला होता की पोराला लंगोट पाहिजे. जमनीनं आखाडा कधी पाहिला नव्हता. तिनं रीत पाळली.

"नाही नेसला तं तिचा बाप म्हणन, माह्या पोरीचं काम यानं फेकलं. सगाई मोडन."

"आणि नेसलास तर?"

"वस्ताद बोटातली अंगठी ठेवू देत नाही, मास्तर. काच घेऊन उतरलो तं जलमभर आखाड्याबाहेर."

"मग जमनीलाच सांग ना."

"लग्नाआंधी कसं बोलाव तिच्यासंगं?"

मी विचार केला. विचार करायचा मला सरकार पगार देत होतं. "उलटा नेस," मी म्हणालो. "आरसे आतून."

शंकरसिंगनं लंगोट माझ्यापुढे सरकवला. "तुमी नेसून पाहा आंधी."

माझं शिक्षण इथे संपलं.

शनिवारी सकाळी आम्ही आखाड्यात पोचलो तर जमनीचा बाप भावसिंग, त्यांच्या तांड्याचा नायक, आधीच येऊन दारात बसलेला. मोठं पागोटं, हातात नारळ. जावयाचा पहिला दिवस पाहायला आला होता. शंकरसिंगच्या कपाळावर घाम आला. व्यायाम अजून सुरू व्हायचा होता.

वस्तादांनी गाठोडं सोडलं. कवड्या वाजल्या. जोर मारणारे पैलवान अर्ध्यात थांबले. वस्तादांनी एका आरशावरून अंगठा फिरवला.

"कोठून आला?"

"सगाईच्या घरून," शंकरसिंग पुटपुटला.

वस्तादांनी भावसिंगकडे पाहिलं. भावसिंगनं मिशीला हात लावला. मी दाराचं अंतर मोजलं.

"मंग थरथरून काहून राह्यला बे?" वस्ताद म्हणाले. "पयला लंगोट तुह्या आंगावर थोडीच जाते? पयला मारुतीचा. दुसरा तुहा."

ती त्या आखाड्याची जुनी रीत. लंगोट लागतो एवढं मी विचारून आलो होतो. किती लागतात, हे विचारायचं राहिलं होतं.

वस्तादांनी तो लंगोट शेंदराच्या मारुतीला बांधला. समोर दिवा होता. एरवी नव्या पोराकडून देवाला वीतभर लाल चिंधी मिळायची. आज त्याच्या कंबरेपासून छतापर्यंत उजेडाचे ठिपके नाचू लागले. आखाड्यातला तेवढाच एक पैलवान असा, ज्याच्याशी कोणी झोंबत नाही.

भावसिंग उठला. हात जोडले, नारळ फोडला, आणि आम्हा सगळ्यांकडे वळून म्हणाला, "माह्या पोरीचं काम हाये ते."

"आमचा देव पयल्यांदा नटला, नायक," वस्ताद म्हणाले, आणि खुंटीवरचा कोरा लंगोट त्यांनी शंकरसिंगच्या अंगावर फेकला.

शंकरसिंग पहिल्याच कुस्तीत चीत झाला. पाठीला माती लागलेला इतका खूश माणूस मी पाहिला नाही.

पुढच्या बाजाराला लालीबाई भेटली. जमनीकडे बातमी द्यायला ती स्वतः गेली होती.

"पोरगी वाळून गेलती, मास्तर. लंगोट धाडला, आन मंग मावशीसंगं बोरीच्या बाजाराले आली. आखाड्याच्या भिंतीवर लंगोट वाळत होते. हे असे कोरे काहून म्हून इचारलं तिनं. मावशीनं सांगतलं, कुस्तीत काच आंगात घुसन. तवापासून घास गिळेना. सांगाव तरी कोणाले? मले पाह्यल्याबरोबर इचारते, याडी, त्यानं नेसला तं नाही ना?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हनलं, नाही व माय. देवानं नेसला."

त्यावर जमनी आधी हसली, मग रडली, आणि मग जेवायला बसली म्हणे.