खजुराचा साचा अक्रोडाच्या घरी

मित्रांनो, मी एक जुना लाकडी साचा आहे. अरब मुलखातल्या सैदा शहरातल्या एका सुताराने मला ऑलिव्हच्या लाकडातून कोरले. ईद जवळ आली की आमच्याकडे घरोघरी रव्याचे मामूल, म्हणजे सारण भरलेली गोड बिस्किटे, होतात. गोळ्यात सारण भरायचे, तो साच्यात दाबायचा आणि साचा ओट्यावर आपटायचा, की नक्षीदार मामूल बाहेर पडतो. घुमटासारखा असेल तर आत अक्रोड, लांबट असेल तर पिस्ता आणि माझ्यातून निघालेला चपटा असेल तर खजूर. पाहुण्यांना कधी विचारावे लागत नाही. या गोष्टीचा मला भारी अभिमान होता.

माझी मालकीण नुहाद आत्या. तिची सात वर्षांची भाची लमीस तिच्याकडेच वाढत होती. लमीसला अक्रोड आणि पिस्त्याची अ‍ॅलर्जी होती. कणभर पोटात गेले तरी तिचा घसा सुजे. म्हणून ईदच्या ताटातले फक्त माझे मामूल तिचे.

शेजारच्या उम्म वसीमला हे थोतांड वाटे. "अगं नुहाद, चिमूटभर अक्रोडानं कुणी मरतं का? लाडावून ठेवलीयस पोरीला."

"लाडावलेली तर लाडावलेली," आत्या म्हणे. "तू आपली चहा पी."

एका ईदेला उम्म वसीमचा साचा चिरला. आत्या बाजारात गेलेली. उम्म वसीम खुंटीवरून मला घेऊन गेली, अक्रोडाचे मामूल पाडले, मला झटकून ब्रशने साफ केले आणि परत टांगून ठेवले. लाकूड फुगते म्हणून आम्हाला कुणी पाण्याने धूत नाही. माझ्या नक्षीच्या खाचांत अक्रोडाचा चुरा बसला होता. तो मला कळत होता, पण मला कोण विचारणार?

दुसऱ्या दिवशी आत्याने माझ्यातूनच लमीससाठी खजुराचे मामूल केले. दोन घास खाल्ले आणि लमीस म्हणाली, "आत्या, जीभ खाजतेय." बघता बघता ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला.

मित्रांनो, त्या क्षणाची नुहाद आत्या मी कधी विसरणार नाही. तिने कपाटातले अ‍ॅलर्जीवरच्या इंजेक्शनचे पेन काढले आणि फ्रॉकवरूनच लमीसच्या मांडीत टोचले. तिला जागेवरून उठू दिले नाही. गडबड ऐकून उम्म वसीम धावत आली आणि दारातच रडू लागली. आत्या शांतपणे म्हणाली, "रडायचं मागनं. आधी रुग्णवाहिका बोलाव." लमीसला बरे वाटू लागले तरी आत्या तिला इस्पितळात घेऊन गेली, कारण असा झटका उलटून परत येऊ शकतो.

लमीस वाचली. दोघी घरी आल्यावर उम्म वसीम खाली मान घालून म्हणाली, "साचा मी नेला होता गं. चांगला झटकला होता."

"झटकून जात नाही ते," आत्या म्हणाली. "मला सांगायचं होतंस. आता हा तुझ्याकडेच ठेव."

आत्याने लमीससाठी नवा साचा आणला, त्याला लाल दोरा बांधला आणि तो कुणालाही द्यायचा नाही असे ठरवले. मैत्रिणीला वस्तू नाकारणे आमच्या गल्लीत सोपे नाही. मला घर सोडताना वाईट वाटले, पण आत्याचे मनातून कौतुकच वाटले.

आता मी अक्रोडाच्या घरी असतो. ईदच्या तयारीला आत्याकडे जाताना उम्म वसीम साबणाने कोपरापर्यंत हात धुते, स्वच्छ कपडे घालते आणि मला घरीच ठेवते. तिकडे पोचल्यावर दोन्ही हात लमीसपुढे धरते. "बघ गं बाई, पास का नापास?" लमीस हात उलटसुलट बघते आणि मगच पिठाला हात लावू देते, असे उम्म वसीम घरी येऊन हसत सांगते.

तेव्हा मित्रांनो, कुणी "यात काय आहे?" असे विचारले तर रागावू नका, खरे काय ते सांगा. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा.

लमीस अजून कधीमधी इथे येते. उंबऱ्यातूनच मला बघते, हसते, पण हात लावत नाही. शहाणी पोर आहे. तिने मला कधीच हात लावू नये, एवढीच माझी इच्छा आहे.