अस्तरातली रेती

समुद्र नागपूरपासून सगळ्या बाजूंनी लांब आहे. हे माझ्या मुलीला चांगलं माहीत आहे, तिचा भूगोल मीच पाठ करून घेतला होता. तरीसुद्धा ऐन दिवाळीच्या तोंडावर, माझ्या टेबलावर एकोणीस ब्लाऊज कापून पडलेले असताना, दीक्षाचा पुण्याहून फोन आला, "मम्मी, मला एक बीच बॅग शिवून दे ना."

"काय शिवून देऊ?"

"बीच बॅग. समुद्रावर न्यायची. आम्ही ऑफिसच्या मुली भाऊबीज झाली की तारकर्लीला चाललोय."

"समुद्रावर न्यायले वेगळी पिशवी लागते का वं?"

"लागते, मम्मी. तू थांब, मी तुला आयडिया पाठवते."

पुण्यात नोकरी लागून पोरीला दीडच वर्ष झालं, पण तेवढ्यात तिचं 'मले' जाऊन 'मला' आलं. तेही मी चालवून घेतलं. आयडिया मात्र चालवून घेण्यासारख्या नव्हत्या. संध्याकाळपर्यंत एकतीस फोटो आले. एक बॅग गोल बुडाची, एकीला नावेच्या दोरखंडाचे बंद, एकीला लोकरीचे गोंडे. एक बॅग उघडली की तिची चटई व्हायची. एकीला आतून सात खिसे होते. मी चोवीस वर्षं नागपुरात, इंदोऱ्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवते. प्रिन्सेस कट, कटोरी, बोटनेक, जे म्हणाल ते. पण सात खिशांची वस्तू मी जन्मात शिवलेली नाही, आणि सात खिशांत माणूस काय ठेवतो तेही मला ठाऊक नाही.

तरी मी हो म्हटलं. त्याला कारण होतं. दीक्षा कॉलेजला हॉस्टेलवर गेली तेव्हा मी तिला हिरवा सूट शिवून दिला होता, गळ्याला हातानं काम केलेला. तीन वर्षांनी तिचं सामान आणायला गेले, तर ट्रंकेच्या तळाशी तो सूट सापडला, मी घातलेल्या घड्यांसकट. घरी आणून धुतला, आणि तेव्हापासून तो माझ्या घशात अडकून बसला आहे. आता पोरीनं स्वतःहून तोंड उघडून काहीतरी मागितलं होतं. मला एवढंच पाहायचं होतं, की माझ्या हातची वस्तू ती चारचौघींत खांद्याला लावते की पुन्हा तळाशी घालते.

दुसऱ्या दिवशी तिनं निकाल सांगितला. "मम्मी, ठरलं. पॅचवर्कची कर. तुझ्याकडे ब्लाऊजच्या इतक्या कतरनी पडल्या असतात, त्याच जोड. रंगीबेरंगी."

माझं डोकंच फिरलं. "ठिगळं लावू?"

"ठिगळं नाही, पॅचवर्क."

"दीक्षा, माह्या आईनं ठिगळाच्या लुगड्यात जिंदगी काढली. माह्या शाळेच्या फ्रॉकले पाठीवर ठिगळ होतं, पोरी मोजत. अन् मी, शिवणारी बाई, माह्या पोरीले चिंध्या जोडून पाठवू लोकांत? लोक काय म्हणतील, आईच्या घरी अख्खं कापड नव्हतं?"

"मम्मी, तसं आता कोणी नाही म्हणत गं."

"तू नको सांगू मले."

फोन मी ठेवला की तिनं, आठवत नाही. पण पाच मिनिटांनी मेसेज आला, राहू दे, मी ऑनलाइन मागवते. हे तर कानाखाली मारल्यासारखं झालं. मी तडक रिक्षा केली आणि इतवारीच्या बाजारात गेले.

इतवारीत दिवाळीच्या आधी जाणं म्हणजे स्वतःहून खलबत्त्यात बसणं. ज्या दुकानातून मी अस्तराचे तागे घेते, त्या ओमप्रकाशनं मला बघताच टू बाय टूचे गठ्ठे पुढं ओढले. मी म्हटलं, "अस्तर नाही, भाऊ. बीच बॅगचं कापड दाखवा."

"कौनसा बॅग, ताई?"

"समुद्रावर न्यायची."

त्यानं हातातलं कापड खाली ठेवलं. "आपल्याकडं तर अंबाझरी तलाव आहे, ताई. समुद्र कुठून आणला?" शेजारचे दोघं हसले. मग त्यानं मला ताडपत्री दाखवली, ट्रकवर टाकतात ती. मग मंडपाचं कापड. मग कूलरच्या कव्हरचं प्लास्टिक. मी एकेक नाकारत गेले तसा त्यालाही चेव चढला, आणि शेवटी पोटमाळ्यावरून त्यानं जाड सुती कॅनव्हासचा तागा काढला, गर्द निळा, हात लावला की भरवसा वाटावा असा. मी दोन मीटर घेतलं. अस्तराला साटीन घेतलं, तेही नवीन. चिंधीचा एक धागा त्या बॅगेला लागू द्यायचा नव्हता मला.

घरी कापड पसरलं, तर खाटेवरून सासूबाई बघत होत्या. अंजनाबाई, वय वर्षं बहात्तर, दोन्ही गुडघे गेलेले, जीभ मात्र ठणठणीत.

"काय होऊन राहिलं वं दीप्ती?"

"दीक्षाची बॅग. समुद्रावर न्यायची."

"बुडाशी जाळी लाव."

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

"मी म्हणतो, बुडाशी जाळी लाव. रेती सांडाले जागा ठेवा लागते. नाही तं रेती घरापर्यंत येते."

त्यावेळी माझ्या एका कानाला फोन होता. पलीकडे यमुताई होत्या, माझ्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक, भाचीच्या लग्नाचे सात ब्लाऊज आणि त्यावर शंभर सूचना. बाही जरा वर, नाही जरा खाली, मागचा गळा खोल पण दिसायला नको. तो गळा कसा शिवायचा हे मला आजतागायत कळलेलं नाही. फोन ठेवला तोच सासूबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या, "जाळी." आणि माझा तोल गेला.

"आई, अख्ख्या नव्या बॅगले मच्छरदाणी लावू का मी? अन् तुम्हाले काय माहीत समुद्राचं? कधी पाहिला तरी का?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागावल्या नव्हत्या. मोजत होत्या.

"सत्तावीस वेळा," त्या म्हणाल्या.

मग मला आठवलं. दरवर्षी सहा डिसेंबरला त्या बाबासाहेबांना वंदन करायला चैत्यभूमीवर जायच्या. पांढरं लुगडं, डब्यात भाकरी आणि ठेचा, वस्तीतल्या बायांचा जथा. रांगेत रात्र, मग दर्शन, मग किनाऱ्याच्या रेतीत बसून भाकरी. तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी नाही म्हटलं, तेव्हा जाणं थांबलं. पण या घरात कोणी त्याला समुद्र म्हटलं नाही. आम्ही म्हणायचो, आई दादरले गेली. आई दादरहून आली. दारामागच्या खिळ्याला त्यांची पिशवी अजून टांगलेली होती. वरचा भाग मांजरपाटाचा, बुडाला जुन्या मच्छरदाणीची दुहेरी जाळी. त्यांनी स्वतः हातानं शिवलेली. येताना त्या पुस्तकं आणायच्या, आणि पुस्तकांत रेती जाऊ नये म्हणून ती जाळी.

मी चोवीस वर्षं ती पिशवी बघितली होती आणि एकदाही विचारलं नव्हतं. मी स्वतः कधी गेले नाही. डिसेंबरात लग्नाचे ब्लाऊज असतात.

मला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून माणूस लगेच ऐकतो असं थोडंच आहे? उलट मी जास्तच हट्टाला पेटले. "तुमची जुन्या जमान्याची होती," असं काहीतरी पुटपुटले आणि साटीनचं अस्तर कापायला घेतलं.

बॅग झाली, मी सांगते, दृष्ट लागावी अशी. चौकोनी बूड, बंदांना चार-चार टिपा, आत खिसे सात नाही तरी तीन. अशी बॅग उलटी शिवतात आणि मग अस्तरात वीतभर जागा उघडी ठेवून तिथून सुलटी ओढून काढतात. ओढली, कोपरे कात्रीच्या टोकानं बाहेर काढले, आणि शेवटची टीप मारणार तोच यमुताईंचा फोन. यावेळी बाहीला लेस हवी होती. मग कुरिअरवाला दारात. मी बॅग घडी करून त्याच्या हातात दिली आणि लेस शोधायला बसले.

दोन दिवसांनी दीक्षाचा मेसेज आला. अंगठा. शब्द नाही, नुसता पिवळा अंगठा. मी अर्धा तास वाट पाहिली, तेव्हा खाली दोन शब्द उमटले, छान आहे. 'छान आहे' मी ओळखते. गिऱ्हाईक ब्लाऊज घालून बघते, कुठंतरी काचतं, पण सांगायचं नसतं, तेव्हा ती म्हणते छान आहे. तो हिरवा सूटसुद्धा छान होता.

भाऊबीज झाली. तारकर्लीहून फोटो आला. मागं लाटा, पुढं पाच पोरी, सगळ्या दात काढून. एकीच्या खांद्याला वेताची बॅग, एकीच्या हातात प्लास्टिकची पारदर्शक. मी फोटो बोटांनी ताणून ताणून मोठा केला, कोपरे बघितले, रेतीत पडलेल्या चपलासुद्धा तपासल्या. निळा कॅनव्हास कुठंच नव्हता. फोटोत दीक्षाही नव्हती, पण तेवढं पाहण्याइतकं डोकं माझं ताळ्यावर नव्हतं.

"नाही नेली तिनं," मी अंकुशला, म्हणजे दीक्षाच्या वडिलांना म्हटलं.

"नेली असंल," ते म्हणाले, आणि पेपर वाचत राहिले. या माणसाला कुठल्याच गोष्टीचा त्रास होत नाही, याचा मला फार त्रास होतो.

पुढच्या शनिवारी दीक्षा चार दिवसांसाठी घरी आली. काळवंडलेली, नाकाचं कातडं सोलवटलेलं. आणि खांद्याला निळी बॅग. बरं, बसमध्ये आणली असेल कपडे भरायला, मी मनात म्हटलं. कपडे भरायला तर गोणपाटाची बोरीही चालते. ती आंघोळीला गेली तशी मी बॅग धुवायला घेतली. ओरखडे पडले होते, तेलाचा डाग होता, एका बंदाला गाठ मारलेली. आणि रिकामी करूनही ती जड होती. बुडाशी काहीतरी होतं, अस्तराच्या आत, हलवलं की सरसर सरकणारं.

मी आत हात घातला आणि माझा हात आरपार अस्तरात गेला. ती वीतभर जागा. मी ती शिवलीच नव्हती! चोवीस वर्षांची शिंपीण, आणि शेवटची टीप राहिली. मी चिडून बॅग उलटी केली, जोरात झटकली, आणि पसाभर रेती धबकन टेबलावर आली. थेट यमुताईंच्या भाचीच्या शालूच्या ब्लाऊजवर.

"अगंबाई! दीक्षा! हे काय करून ठेवलं वं!"

ती केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली. "अरे, ती आत जाऊन बसली होती का? मी म्हणत होते, एवढी जड कशी झाली. मम्मी, काय बॅग आहे माहिती आहे का तुझी! दुसऱ्या दिवशी मधुराच्या वेताच्या बॅगेचं हँडल तुटलं, त्या प्लास्टिकवालीची चेन गेली. मग सगळ्यांचं सगळं माझ्यात. ओले कपडे, पाण्याच्या बाटल्या, नारळसुद्धा. सहा जणींचं ओझं उचललं तिनं. रोज माझ्याच खांद्याला."

"फोटोत तं नव्हती."

"फोटो मी काढला ना! माझ्या खांद्यालाच होती तेव्हा."

रडू आलं असतं, पण शालूवर रेती होती, आधी ती काढायला हवी होती. मी पोराटोरांवर ओरडावं तशी त्या रेतीवरच ओरडत, ब्लाऊज चिमटीत धरून झटकायला लागले. "आता मशीनमध्ये जाईल, बॉबिनमध्ये जाईल, वर्षभर कर्रकर्र करीत राहील..."

"मी म्हटलं होतं, जाळी लाव," खाटेवरून आवाज आला. मग जरा थांबून, "इकडं आण वं थोडी."

दीक्षानं मूठभर रेती नेऊन त्यांच्या तळहातावर ठेवली. सासूबाईंनी ती अंगठ्यानं चोळली. "ही बारीक आहे. दादरची जाडी राहते," त्या म्हणाल्या. "मी सत्तावीस वेळा गेली, पन दर टायमाले झटकूनच आली." आणि मूठ मिटून बसल्या. झाडू घेऊन उभी होते मी, पण त्यांच्या खाटेखाली झाडायचं काही जमलं नाही.

दुपारी मी दारामागची ती पिशवी खिळ्यावरून काढली. सासूबाईंना विचारूनच तिच्या बुडाची अर्धी जाळी कापली आणि निळ्या बॅगेचं अस्तर उसवून, बुडाचं कापड कापून तिथं लावली. एका कोपऱ्याला कॅनव्हास घासून विरला होता. तिथं मी ठिगळ लावलं, यमुताईंच्याच शालूच्या कतरनीचं, जरीचं.

"आता उरलेल्या जाळीची एक तुह्यासाठी शिव," सासूबाई म्हणाल्या.

"मले कोण नेते समुद्रावर?"

"मी नेतो ना."

"या गुडघ्यांनी?"

"गुडघे गाडीत बसतात. उतरल्यावर तू आहेच धरायले."

"आई, डिसेंबरात ब्लाऊज..." मी सुरुवात केली, आणि तेवढ्यात फोन वाजला. यमुताई. तारीख अलीकडे आली होती, सात ब्लाऊज आता पाच डिसेंबरला हवे होते, सहाच्या सकाळी शेवटची फिटिंग, तू घरी राहजो बाप्पा.

"तीन तारखेले घेऊन जा," मी म्हटलं. "चार ते आठ दुकान बंद."

"बंद? ऐन सीझनमध्ये? काहून वं?"

सासूबाईंची मूठ अजून मिटलेलीच होती.

"दादरले जाऊन राहिली मी," मी म्हटलं. "समुद्र पाहाले."